सावली मिटेपर्यंत

खुरपं जरा बाजूला ठेवा. गोणपाट टाका आणि ताटव्याच्या कडेला बसा. जळगावच्या काळ्या मातीत पावसानंतर लगेच हात घातला तर नुसता चिखल येतो, उशीर केला तर तीच माती दगड होते. मधल्या थोड्या दिवसांत वाफसा असतो. चिमूटभर माती बोटांत घ्या. बोटाला चिकटत नाही, दाबली की भुगा होतो? मग आज निंदायला हरकत नाही.

तरी लगेच काही उपटू नका. नुसतं बघा. कडुनिंबाखाली जमीन झाकायला लावलेली वेडेलिया पसरली आहे, मे महिन्यातल्या झळा सोसूनही हिरवी राहिलेली. त्या हिरव्यात दुसरं हिरवं मिसळलं आहे. एकदम सगळं निवडू पाहाल तर डोळा गोंधळेल. एका हातभर जागेवर नजर ठेवा. हळूहळू पानं वेगळी होतील. वेडेलियाचं पान रुंद आणि जाड, आणि त्यातून वर निघालेली बारीक पाती कुणाची, ते आता कळेल.

त्यातलं एक पातं चिमटीत धरा. ओढू नका, देठ बोटांत फिरवा. गोल लागला, पेरं लागली, तर हरळी. तीन कडा बोटाला टोचल्या तर लव्हाळा. एवढी ओळख पटेपर्यंत थांबा, कारण दोघांना हात वेगळा लावावा लागतो. कपाशीत हरळीसाठी मारतात ते क्विझालोफॉप तणनाशक लव्हाळ्याला लागत नाही. लव्हाळा मुळात गवताच्या कुळातलाच नाही. आणि ग्लायफोसेट मारलं तर तणाबरोबर वेडेलियाही जाईल. म्हणून इथे हाताचं काम हातानेच करायचं.

हरळी असेल तर बोट तिच्या वेलीवरून मागे मागे न्या. एका पेरापाशी ती मातीत शिरलेली सापडेल. तिथे खुरप्याचं टोक तिरकं घाला, माती सैल करा आणि काशी, म्हणजे तिचं जमिनीखालचं खोड, ओढा. पांढरट, चिवट, पेरापेराला कोंब धरलेली. तुटली तर हळहळू नका, तुकडा शोधा. खांद्यात ताण आला असेल तर तो सोडा. जोराने ओढलेली काशी हमखास अर्ध्यात तुटते. एरंडोलजवळ पद्मालयाच्या गणपतीला वाहायच्या दूर्वा याच हरळीच्या कोवळ्या शेंड्यांच्या. तिच्यावर राग धरायचं मला कधी जमलेलं नाही. ती इथे नको आहे, एवढंच.

लव्हाळ्याला आणखी धीर हवा. पातं धरून ओढलं की ते अलगद हातात येतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण खाली काळपट गाठ राहिलेली असते, तिच्यापुढे दोऱ्याएवढ्या बारीक मुळाने जोडलेली दुसरी, तिच्यापुढे तिसरी. खुरपं सरळ खाली जाऊ द्या आणि गाठीसकट माती उचला. हातात घेऊन वास घ्या. दिवाळीच्या उटण्यातल्या नागरमोथ्याची आठवण होईल.

गाजरगवत दिसलं तर हातमोजा घाला, अंगाला खाज सुटते. पुण्याकडे १९५५च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत भरलेलं हे झाड आज खानदेशात प्रत्येक बांधावर आहे. एका झाडाला हजारो बिया धरतात. पांढरी फुलं यायच्या आधी मुळासकट निघालं की पुढचं पुष्कळ वाचतं.

आता मोकळी झालेली जागा बघा. ओंजळीएवढी उघडी माती, तिच्यावर पडलेलं ऊन. इथे थोडा वेळ थांबा, कारण खरं काम इथेच आहे. रावेर-यावलच्या केळीत सुरुवातीचे चार-पाच महिने निंदणी करावी लागते. मग पानं एकमेकांना भिडतात, सावली मिटते आणि खाली तण फारसं उरत नाही. हरळी आणि लव्हाळा दोघांनाही ऊन लागतं. हाताने आपण फक्त वेडेलियाला वेळ मिळवून देत असतो. तण आवरते ती तिची सावली. म्हणून शेजारची फांदी उचला, उघड्या मातीवर वळवा, पेर मातीत दाबा. पेराला मुळं फुटतील. तोवर वर केळीची वाळकी पानं पसरा. धुळ्याकडे पाऊस आणखी कमी, तिथे हे आच्छादन ओलही धरून ठेवतं.

दाबताना एक गोष्ट मनात असू द्या. ही वेडेलिया परदेशातून आलेली, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. जे गुण इथे आपल्या कामी येतात तेच ओढ्याकाठी, पाटाच्या कडेला रानातल्या झाडोऱ्याला गुदमरवतात. तेव्हा तिलाही मर्यादा घाला. ताटव्याबाहेर निघालेली प्रत्येक फांदी छाटा आणि छाटलेले तुकडे नाल्यात कधीही टाकू नका.

शेवटी कडेने एक फेरी मारा. हरळी बहुतेक वेळा बाहेरूनच आत येते, कुंपणाखालून, शेजारच्या हिरवळीतून. कडेला वीतभर खोल चर ठेवा, तो उघडा राहू द्या, आणि त्यावर पूल टाकणारी वेल आठवड्यातून एकदा तोडा. काढलेल्या काशा आणि गाठी उकिरड्यावर नकोत, तिथे त्या पुन्हा धरतात. फरशीवर उन्हात पसरा. पावसाळी ढगांत काशा वाळायला वेळ लागेल, गाठींना त्याहून जास्त. कडकडीत वाळल्याशिवाय त्या हलवू नका.