‘मला फरक जाणवला’

‘‘रॅम कशाला घेतोस? ही एक फाइल टाक, गेम सुसाट पळेल.’’

दोन वर्षांपूर्वी मी मामेभावाला फोनवर हे सांगितलं. सांगलीत शिकवण्या घेऊन त्याने रॅमसाठी साडेतीन हजार रुपये साठवले होते. लॅपटॉप जुना, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आणि खेळायचा होता जीटीए फोर, म्हणजे २००८ सालचा गेम. मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे कॉम्प्युटरच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा. त्याने फाइल टाकली, पैसे दुसरीकडे खर्च केले आणि मेसेज पाठवला, ‘दादा, मस्त झालं!’

ही फाइल म्हणजे डीएक्सव्हीके. विंडोजवरचे बरेचसे गेम पडद्यावर काय काढायचं ते डायरेक्टथ्रीडीच्या भाषेत सांगतात. लिनक्सला ती भाषा येत नाही. म्हणून फिलिप रेबोले यांनी एक दुभाषा लिहिला. तो डायरेक्टथ्रीडीतल्या सूचना ऐकतो आणि वल्कन नावाच्या नव्या भाषेत सांगतो. २०१८ साली व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या प्रोटॉनमध्ये तो घेतला. स्टीम डेकवर विंडोजचे गेम चालतात, त्यात या दुभाष्याचा मोठा वाटा आहे.

पण लोकांनी तो विंडोजवरही वापरून पाहिला. तिथे दुभाष्याची गरजच नाही, तरी म्हणे गेम वेगात चालतात. हे अशक्य नाही. जुन्या गेमचं बरंच काम प्रोसेसरच्या एकाच थ्रेडवर तुंबून राहतं. डीएक्सव्हीके त्यातला काही भार दुसऱ्या थ्रेडवर टाकतं, आणि वल्कनचा ड्रायव्हरही हलका असतो. दुसऱ्या बाजूला भाषांतराचा खर्च आहेच. शिवाय एखादं दृश्य पहिल्यांदा समोर आलं की त्याचे शेडर तिथल्या तिथे तयार करावे लागतात, आणि गेम अडखळतो. म्हणजे फायदा होऊ शकतो, तोटाही होऊ शकतो. कोणत्या मशीनवर, कोणत्या गेममध्ये, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

मी मोजलं नव्हतं. मी फाइल टाकली, गेम उघडला आणि मला फरक जाणवला. त्याच दिवशी मी ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केला होता, मशीन रीस्टार्ट केलं होतं आणि ब्राउझरच्या तीसेक टॅब बंद केल्या होत्या. श्रेय मात्र फाइलला दिलं.

पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या, प्रत्येकी ४०. कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायचं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली आणि त्यातली सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवूनही साधारण तेवढीच आली असती. हा किस्सा मी कॉलेजात कितीतरी जणांना ऐकवला आहे, हसत हसत. आपल्या ‘जाणवण्या’ची अशी परीक्षा घ्यावी असं मला कधी सुचलं नाही.

ती मी गेल्या दिवाळीत घेतली. रूममेट नाणं उडवायचा. छापा आला तर डीएक्सव्हीके, काटा आला तर मूळचं. फाइल तो बदलायचा, मी खोलीबाहेर. मग आत येऊन तोच सेव्ह उघडायचा, त्याच रस्त्यावरून गाडी न्यायची आणि उत्तर कागदावर लिहायचं. १२ फेऱ्या झाल्या आणि माझी सात उत्तरं बरोबर आली. म्हणजे माझ्या जाणिवेत आणि नाण्यात फारसा फरक नव्हता.

मग प्रेझेंटमॉन लावून फ्रेम मोजल्या. दोन्हींच्या सरासरीत सेकंदाला दोन फ्रेमचा फरक. पण काहीही न बदलता मूळचाच गेम पाच वेळा मोजला, तेव्हा त्या पाच फेऱ्यांतच चार फ्रेमचं अंतर होतं. तराजूच जिथे चार ग्रॅमने हलतो, तिथे दोन ग्रॅमचा दावा कशाच्या जोरावर करायचा?

आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असंही नाही. समजा एका सेकंदात ६० फ्रेम आल्या. ५९ फ्रेमना प्रत्येकी १५ मिलिसेकंद लागले आणि एकीला ११५. सरासरी अगदी ६०, पण ती एक फ्रेम डोळ्याला खटकतेच. इथे माणूस बरोबर असतो आणि सरासरी त्याला खोटं पाडते. म्हणून प्रत्येक फ्रेमचा वेळ वेगळा पाहावा लागतो. तसा पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. शेडर तयार असावेत म्हणून चाचणीआधी मी दोन्ही प्रकारे गेम एकदा चालवून घेतला होता. सगळ्यात जास्त अडखळणं त्या पहिल्या फेरीतच होतं, आणि तीच फेरी मी मोजणीतून वगळली होती. पद्धत म्हणून यात चूक नाही. पण नव्या खेळाडूला प्रत्येक नवा रस्ता ही पहिलीच फेरी असते.

मग मी खोटं बोललो होतो का? नाही. मला मनापासून तसं वाटलं होतं. इथेच प्रश्न अवघड होतो.

विल्यम क्लिफर्ड या इंग्लिश गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, शंका मनात येतेय, पण दुरुस्ती महाग. तो स्वतःची समजूत घालतो की इतके प्रवास झाले, हाही होईल. हळूहळू त्याची खरोखर खात्री पटते. जहाज बुडतं, माणसं मरतात. क्लिफर्डचं म्हणणं असं की त्याची खात्री प्रामाणिक असली तरी तो दोषी आहे, कारण ती त्याने तपासून कमावलेली नव्हती. आणि जहाज बुडालं नसतं, तरीही तो तितकाच दोषी ठरला असता.

जीटीए फोरमुळे कोणी बुडत नाही, हे मान्य. प्रत्येक गोष्ट तपासत बसलो तर जगणंही थांबेल. शिवाय एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. गेम आनंदासाठी खेळतात. खेळणाऱ्याला तो सुसाट वाटला, तर आणखी काय हवं? मी एकटाच खेळत असतो तर मी हे मान्य केलं असतं. पण ‘मला बरं वाटलं’ आणि ‘या फाइलमुळे गेम सुधारतो, तूही टाक’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात मी माझ्याबद्दल बोलतो. दुसऱ्यात दुसऱ्याचे पैसे आणि त्याचा माझ्यावरचा विश्वास येतो. तपासण्याची जबाबदारी तिथे सुरू होते, आणि ऐकणारा जितका जास्त विश्वास ठेवणारा, तितकी ती वाढते.

चाचणीनंतर मी मामेभावाला फोन केला. म्हटलं, ‘‘ती फाइल… मी तपासलं नव्हतं रे.’’

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘दादा, माझ्याकडे गेम अडकतच होता. पण तू सांगितलं होतंस, म्हणून मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मग मी खेळणंच सोडलं.’’

साडेतीन हजारांचं मला तितकं वाईट वाटलं नाही, तितकं याचं वाटलं. त्याच्या लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी होती. वेगळं कार्ड नसलं की ग्राफिक्सचं कामही त्याच रॅमवर चालतं, आणि दुसरी पट्टी लावली तर अनेकदा खरा फायदा होतो. त्याचा विचार बरोबर दिशेने चालला होता. मी त्याला तिथून वळवलं, आणि वर स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायला लावली.

‘‘मग आता रॅम घेऊ का?’’ त्याने विचारलं.

पुन्हा ‘घे, सुसाट पळेल’ असं तोंडावर आलं होतं. ते गिळून मी म्हटलं, ‘‘मला वाटतं फायदा होईल, पण तुझ्या मशीनवर मी मोजलेलं नाही. मित्राकडून एक दिवस पट्टी मागून आण. आधी पाच फेऱ्या, नंतर पाच, आणि सगळे आकडे लिही. नाही आवडले तेही.’’

गेल्या रविवारी त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. आधीच्या पाच फेऱ्या झाल्यात. खाली लिहिलंय, ‘पट्टी शनिवारी मिळणार. तोवर काही बोलू नकोस.’