आठ प्रहरांतलं एक निमिष



आजचं चिंतन गीतेच्या १२व्या अध्यायातल्या ९व्या श्लोकावर आहे. पण सुरुवात एका बंद लॅपटॉपपासून करते, कारण हा श्लोक मला यावेळी पोथीत भेटलाच नाही, साताऱ्यातल्या एका रिपेअरिंगच्या दुकानात भेटला.

बाबा मे २०२२ मध्ये रिटायर झाले. शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. तरुणपणापासून त्यांची एक सवय: गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात प्रवचन असलं की वही घेऊन जायचं आणि घरी येऊन त्याच रात्री सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचं. अशा १४ वह्या आहेत. मी पुण्याहून नवाकोरा लॅपटॉप घेऊन गेले आणि म्हटलं, "बाबा, आता निवांत बसून सगळ्या वह्या यात टाइप करा." त्यांनी खोका दोन्ही हातांनी घेतला. देवासमोर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली. मी चालू कसा करायचा, मराठी कसं लिहायचं ते भराभर दाखवलं, सातची गाडी पकडली. बाबांनी तो परत खोक्यात घातला आणि कपाटात, आईच्या शालूशेजारी ठेवला. जपून.

अडीच वर्षं.

गेल्या दिवाळीत बाबा म्हणाले, "वह्यांची पानं सुटायला लागलीत गं. तो लॅपटॉप काढूया का?" काढला. पडद्यावरचं प्लास्टिक तसंच, नव्या वस्तूचा वासही तसाच. बटण दाबलं. काही नाही. धरून ठेवलं. काही नाही. चार्जर लावला, दहा मिनिटं वाट बघितली, साधा दिवाही लागला नाही. मग माझ्या मोबाइलचा चार्जर लावून पाहिला, कारण पिन तीच होती. तरीही अंधार. बिल शोधलं तर एक वर्षाची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू झालेली, ती कपाटातच सुरू होऊन कपाटातच संपली होती.

बाबांचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे झालं का? मी तर त्याला हातसुद्धा लावला नाही."

आणि मी, रोज तुम्हाला मृदू वाणीवर चिंतन पाठवणारी मी, ताडकन बोलले, "तेच ना! वापरायला दिला होता, पुजायला नाही!"

बाबा काही बोलले नाहीत. वह्या उचलून आत नेऊन ठेवल्या.

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. दुकानदार पंचविशीतला असेल. त्याने आधी लॅपटॉप आडवा धरून डोळ्यांच्या रेषेत पाहिला, बॅटरी फुगून पोट वर आलंय का म्हणून. फुगलेली असती तर चार्जर लावायचाच नाही, म्हणाला. मग त्याने जे समजावलं ते थोडं सविस्तर सांगते. तुमच्याही कुणाच्या कपाटात असा खोका असेल, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

बंद लॅपटॉप पूर्ण बंद नसतो. बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरत असते. शिवाय आतलं घड्याळ आणि बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट अगदी चिमूटभर वीज खात राहतं. महिना-दोन महिन्यांत जाणवत नाही, वर्ष-दोन वर्षांत बॅटरी तळाला जाते. तिथे ते सर्किट स्वतःच बॅटरी तोडून टाकतं, आणखी खाली गेली तर कायमची बिघडेल म्हणून. काही लॅपटॉप तर कारखान्यातूनच झोपवून पाठवलेले असतात. बटण कितीही दाबा, आधी चार्जर लावल्याशिवाय ते जागेच होत नाहीत. आणि चार्जर हवा त्याच्याच ताकदीचा. मोबाइलचा १८ वॉटचा चार्जर लावून ६५ वॉटवाल्याला उठवता येईलच असं नाही, पिन बसली म्हणून काय झालं.

यानंतर तो जे बोलला त्यावर मी अजून विचार करते आहे. इतक्या खाली गेलेल्या बॅटरीला एकदम पूर्ण करंट देत नाहीत. दिला तर तिचं नुकसान होतं. म्हणून सुरुवातीला अगदी बारीक धार सोडतात, नेहमीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी. बॅटरी थोडी वर आली की मगच पूर्ण करंट सुरू होतो. या सुरुवातीच्या काळात बाहेर काही दिसत नाही. दिवा नाही, आवाज नाही. "लोक इथेच चुकतात ताई," तो म्हणाला. "दहा मिनिटं बघतात, मेला म्हणतात आणि पिन काढतात. दोन तास लावून ठेवायचा आणि बटणाला हात लावायचा नाही."

आम्ही चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा कडेचा पांढरा दिवा लागला होता. त्याने चार्जर काढून बटण तीसेक सेकंद दाबून धरलं, सोडलं, चार्जर परत लावला आणि पुन्हा दाबलं. पडदा उजळला. घड्याळात कुठली तरी जुनीच तारीख होती. त्यामुळे एकही वेबसाइट उघडेना, तारीख दुरुस्त केल्यावर उघडल्या. बाबा हळूच म्हणाले, "याला वाटतंय अजून तेव्हाचंच चाललंय."

आता श्लोकाकडे येऊ.

१२व्या अध्यायात भगवंत आधी सर्वात मोठी गोष्ट मागतात: मन माझ्यातच ठेव, बुद्धी माझ्यातच ठेव. हा ८वा श्लोक. लगेच ९व्यात ते अर्जुनाच्या तोंडाकडे बघून बोलल्यासारखे खाली येतात: चित्त असं स्थिर ठेवणं जमत नसेल, तर अभ्यासाने मला गाठायची इच्छा धर. पुढच्या दोन श्लोकांत आणखी दोन पायऱ्या उतरतात. तेही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर, तेही नसेल तर कर्माचं फळ सोड. मला हे फार आवडतं. देव अटी वाढवत नाही, कमी करत जातो.

माउली ९व्या श्लोकावर थांबतात आणि 'अभ्यास' या शब्दाला अगदी घरगुती माप देतात. पूर्ण चित्त देता येत नाही ना, मग दिवसाच्या आठ प्रहरांतलं निमिषभर तरी दे. आठ प्रहर म्हणजे आपले २४ तास. निमिष म्हणजे पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. मागून मागून एवढंच मागितलं!

मी आजवर हे सवलत म्हणून वाचत आले. म्हणजे आपल्यासारख्या नोकरी, ट्रॅफिक आणि डेडलाइनवाल्यांसाठी काढलेली सोपी स्कीम. दुकानात पहिल्यांदा वाटलं की ही सवलत नसेलच. रिकाम्या झालेल्याला भरायची रीतच ती असेल. आपण काय करतो? सहा महिने नामाची आठवण नाही, मग एखाद्या एकादशीला भरून येतं आणि संकल्प सुटतो: उद्यापासून पहाटे चारला उठायचं, ११ माळा, रोज एक अध्याय, मोबाइल बंद. हा एकदम सोडलेला पूर्ण करंट. चौथ्या दिवशी आपण चिडचिडे झालेलो असतो, आठव्या दिवशी माळ डब्यात. मग वाटतं, आपल्यात काही उरलंच नाही. खरं तर आपण मेलेलो नसतो, आपल्याला उठवायची पद्धत चुकलेली असते.

आणि निमिषभर देणाऱ्याची अडचण उलटी. त्याला दिवा दिसत नाही. पाच मिनिटं बसलो, काहीच वाटलं नाही, मन ऑफिसातच होतं, मग उपयोग काय? माउली पुढे दोन दृष्टान्त देतात: शरद ऋतू लागला की नदीचं पाणी ओसरू लागतं, आणि पौर्णिमेपासून चंद्र कलेकलेने कमी होत अमावास्येला दिसेनासा होतो. तसं चित्त विषयांमधून हळूहळू निघत जातं. गंमत बघा, दोन्ही दृष्टान्त ओसरण्याचे आहेत, आणि दोन्हींत आज आणि उद्या यांतला फरक डोळ्याला कळत नाही. नदीकाठी उभं राहून कुणाला पाणी उतरताना दिसलंय?

हेच उलट्या बाजूनेही खरं आहे, आणि हे मला जास्त टोचलं. 'जपून ठेवलंय' असं आपण म्हणतो तेव्हा वाटतं की वस्तू होती तिथेच आहे. कपाटातला लॅपटॉप होता तिथे नव्हता. रोज थोडा उतरत होता. माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये आजीने दिलेली ज्ञानेश्वरी लाल फडक्यात गुंडाळलेली आहे. वेळ मिळाला की नीट पारायणाला बसायचं म्हणून. तुमच्यासाठी रोज लिहिते ते मोबाइलवर शोधून, वाचून, जोडून लिहिते. ते वाईट आहे असं नाही, पण ते बसणं नव्हे. मी निमिष तुम्हाला देत होते, त्याला नाही. हे लिहिताना लाज वाटतेय, पण आज लपवायचं नाही असं ठरवलंय.

उपमा फार ताणत नाही, कारण एका ठिकाणी ती तुटतेच. बॅटरी फारच खाली जाऊन पडून राहिली तर आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो, मग सर्किट तिला चार्ज व्हायला साफ नकार देतं. ते बरोबरही असतं, कारण तशी बॅटरी धोक्याची. माणसाला असा नकार गीतेत नाही. ६व्या अध्यायात अर्जुन नेमकं हेच विचारतो, मधेच सुटलेल्याचं काय होतं म्हणून. भगवंत ४०व्या श्लोकात स्पष्ट सांगतात की भलं करू पाहणाऱ्याची दुर्गती होत नाही. मात्र गेलेला वेळ भरून येत नाही, हे दोन्हीकडे सारखं. बाबांच्या लॅपटॉपची बॅटरी आता पूर्ण भरून जेमतेम दोन तास चालते. दुकानदार म्हणाला, नवी असून म्हातारी झाली. अर्धी चार्ज करून ठेवली असती आणि दोन-तीन महिन्यांनी काढून परत भरली असती, तर अशी झाली नसती.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी बाबांची माफी मागितली. ते म्हणाले, "तू दाखवलं होतंस गं. पण घाईत होतीस. मला दुसऱ्या दिवशीच आठवेना. फोनवर विचारावं वाटायचं, पण तू कामात असायचीस. परत परत काय विचारायचं."

अडीच वर्षं दर रविवारी फोन होत होता. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवते. मी पन्नास हजारांची वस्तू दिली होती आणि दहा मिनिटं दिली नव्हती. त्यांनी ती देव्हाऱ्यासमोर ठेवली, यात त्यांचं काय चुकलं? मुलीने दिलेलं तेवढंच तर हाताशी होतं.

आता रोज रात्री साडेआठला मी त्यांना फोन करते. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. ते पहिल्या वहीच्या नवव्या पानावर आहेत. लाल फडकंही सोडलंय. फोन ठेवला की चार ओव्या वाचते, मोठ्याने, आणि बहुतेक दिवशी काहीही वाटत नाही.

काल बाबा अडले. 'ज्ञानेश्वर' लिहायचं होतं आणि 'ज्ञ' सापडेना. मलाही आठवेना. दोघं मिळून एकेक बटण दाबत गेलो. शिफ्ट धरून ५ दाबल्यावर आला.

राम कृष्ण हरी.