एकट्याचा रस्ता

माणसाला एकटे राहण्याचा हक्क आहे का? प्रश्न पुस्तकी वाटेल. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैपर्यंत मलाही तो तसाच वाटत होता. त्या महिन्यात आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी कॅनडात आपली गाडी घेऊन उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे एकटाच निघून गेला, आणि त्याच्या आई लागोपाठ चार संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. ‘सर, त्याचा काही निरोप?’ एवढेच त्या विचारीत. निरोप यायचाच असता तर त्यांच्याकडे आला असता, माझ्याकडे कशाला? पण मुलगा कितीही मोठा झाला तरी त्याचा ठावठिकाणा हेडमास्तरांना ठाऊक असतो, अशी आमच्या बेळगावकडच्या आयांची समजूत आहे.

तो गेला तो रस्ता म्हणजे डेम्पस्टर महामार्ग. युकॉन प्रदेशातल्या डॉसन गावाजवळून निघून तो उत्तरेला इनुविकपर्यंत जातो. लांबी सातशे किलोमीटरांहून जास्त, आणि जवळजवळ सगळा खडीचा. १९७९ साली तो वाहतुकीला खुला झाला. सुरुवातीपासून ईगल प्लेन्स या ठिकाणापर्यंत ३६९ किलोमीटर पेट्रोल मिळत नाही. बेळगावहून निघून पुणे ओलांडावे आणि वाटेत एकही पंप नसावा, असे समजा. खडीतल्या धारदार दगडांनी टायर फाटतात, म्हणून दोन जादा चाके घेऊन निघा असे सांगतात. बहुतेक भागात मोबाइल लागत नाही. उपग्रहामार्फत संदेश धाडणारे एक छोटे यंत्र मिळते. ते या पठ्ठ्याने मुद्दाम घेतले नाही. ‘मग एकटं कसलं?’ हे त्याचे तर्कशास्त्र.

पुढे दिवाळीला तो गावी आला तेव्हा घरी भेटायला आला. फराळ पुढे होता. म्हणाला, ‘सर, चार दिवस मी पूर्ण एकटा होतो.’ माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटले, रस्ता तू बांधलास काय रे? तिथली जमीन बारमाही गोठलेली. वरून ऊब पोचली की आतले बर्फ वितळते आणि रस्ता खचतो. म्हणून जमिनीवर खडीचा जाड थर पसरावा लागतो. ऊब आत जाऊ न देणारी गोधडीच म्हणा ना. ती सारखी नीट करणारी माणसे आहेत. पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात फेरीबोटीने गाडी पलीकडे न्यावी लागते. त्या बोटीवर माणूस आहे. पहिल्याच दिवशी तुझे टायर फुटले तेव्हा एक ट्रकवाला थांबला, चाक बसेपर्यंत उभा राहिला आणि नावही न सांगता गेला, हे तूच सांगितलेस. मग एकटा कुठे होतास?

तो हसला, पण हरला नाही. ‘सर, इथं दुकानात शिरताना आधी ठरवावं लागतं, मराठीत बोलायचं की कन्नडात. कुणाचा मुलगा, कुठल्या गल्लीतला, हे आपल्याआधी पोचलेलं असतं. तिथं मी कुणाचा कुणी नव्हतो. मध्यरात्री ऊन पडलेलं, आणि मी कसा वागतो हे बघायला कुणी नाही.’

हे मला उडवून लावता येईना. ज्यांची उभी हयात दोन भाषांच्या उंबरठ्यावर गेली, त्यांना त्याचे म्हणणे कळेल. एकान्ताची ओढ हा काही गोऱ्यांचा छंद नव्हे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाला जागा कशी हवी याचे वर्णन आहे. तिथेही लोकांची वर्दळ नको, पण साधकांची वस्ती मात्र हवी! एकान्तालाही थोडी सोबत लागते, असे माउलींना वाटले असावे. निदान मी तसे वाचतो.

त्या रस्त्याच्या नावामागची हकिकत त्याला ठाऊक नव्हती. मी ती वाचून ठेवली होती. चार संध्याकाळी दुसरे काय करणार? २१ डिसेंबर १९१० रोजी इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड तीन सहकाऱ्यांसह फोर्ट मॅक्फर्सनहून डॉसनकडे निघाला. पोलिसांची ती हिवाळी गस्त. वाहन म्हणजे कुत्र्यांच्या घसरगाड्या. वेगाने पोचायचे म्हणून शिधा कमी घेतलेला. वाटेत इसॉ जॉर्ज नावाचा ग्विचिन जमातीचा वाटाड्या काही दिवस बरोबर होता. १ जानेवारीला फिट्झजेराल्डने त्याला पैसे देऊन परत पाठवले. बरोबरच्या कार्टरला वाट माहीत होती म्हणे. पण तो त्या वाटेने एकदाच, तोही उलट दिशेने, आला होता. पुढे खिंडीकडे जाणारा ओढा सापडेना. कितीतरी दिवस शोधण्यात गेले, मग परतीची वाट, मग एकेक कुत्रे मारून खाणे. चौघेही मेले. फिट्झजेराल्ड फोर्ट मॅक्फर्सनपासून अवघ्या चाळीस किलोमीटरांवर पडला. जळक्या काटकीने त्याने कागदावर मृत्युपत्र लिहिले होते : जे काही आहे ते आईला.

त्यांच्या शोधाला फेब्रुवारीच्या अखेरीस डॉसनहून निघाला तो कॉर्पोरल डेम्पस्टर. त्याने चार्ल्स स्ट्युअर्ट हा ग्विचिन वाटाड्या बरोबर घेतला आणि मार्चमध्ये चौघांची प्रेते शोधून काढली. रस्त्याला नाव त्याचे आहे. जो वेगाने जायला निघाला त्याचे नाही, जो शोधायला गेला त्याचे.

एवढे ऐकून मुलगा गप्प बसला. हातातली करंजी तशीच राहिली. मग म्हणाला, ‘एक गोष्ट सांगितली नाही सर. तिसऱ्या दिवशी रस्त्याकडेला एक गाडी उभी होती, बॉनेट उघडं. त्या रस्त्यावर न थांबता कुणी पुढं जात नाही. मी गेलो. सगळं इतकं शांत होतं की ती शांतता मोडवेना. वीस किलोमीटर गेल्यावर गाडी वळवली. परत आलो तर तिथं कुणी नव्हतं.’

कुणाचे काहीच बिघडले नाही, मग दोष कसला? परिणामावरून कृत्याची किंमत करणारे म्हणतील, झाले गेले. कांट म्हणेल, हेतूकडे पाहा. बी. ए. च्या वर्गात दोन्ही मते शिकलो होतो, उत्तरपत्रिकेत दोन्ही लिहून गुण मिळवले होते. इथे एकही उपयोगी पडेना. त्याला सोडवत होती ती वळवलेली गाडी, आणि अडकवत होते ते आधीचे वीस किलोमीटर. पाहणारे कुणी नसताना मी कसा वागतो, हेच त्याला बघायचे होते. ते त्याने बघितले. आणि ज्याने मुद्दाम आपल्याकडे निरोपाचे यंत्र ठेवले नाही, त्याच्यावर दुसऱ्याच्या बॉनेटचा हक्क पोचतो की नाही? पोचतो, असे मी म्हणालो. पण ते म्हणताना ओट्यावरच्या त्या चार संध्याकाळी माझ्या डोळ्यांपुढे होत्या, तेव्हा माझा निवाडा निःपक्षपाती धरू नये.

इतक्यात त्याला न्यायला त्याच्या आई आल्या. काय चालले आहे म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा त्याने खालमानेने सगळे पुन्हा सांगितले. त्यांनी ध्रुववृत्ताची चौकशी केली नाही, पोलिसांचीही नाही.

‘त्या गाडीत लहान मूल होतं का रे?’ त्यांनी विचारले.

त्याला ते सांगता येईना.