जेवढं झेपेल तेवढंच

जुना लॅपटॉप समोर घ्या. चालू करा आणि हात मागे घ्या. पडद्यावर आडव्या रेषा उमटतील, मध्येच रंगीत चौकडे येतील. बंद करायची घाई नको. थोडा वेळ नुसतं पाहा.

आधी दुखणं कुठे आहे ते ओळखू. बाहेरचा मॉनिटर जोडा. तिथे चित्र स्वच्छ आलं तर दोष पडद्याचा किंवा त्याच्या केबलचा. तिथेही त्याच रेषा आल्या तर बहुधा ग्राफिक्स चिप थकली आहे. नेमकं काय बिघडलंय ते कळेपर्यंत कोणताही निर्णय घेऊ नका.

आता कीबोर्डवर जिथे जास्त गरम लागतं तिथे तळहात टेकवा. ही ऊब काय करते ते मनात आणा. आत सिलिकॉनचा एक लहानसा तुकडा सोल्डरच्या बारीक थेंबांवर बसलेला आहे. तापला की तो जेमतेम फुगतो. खालची पाटी मात्र त्याच्या कितीतरी पट फुगते. निवलं की दोन्ही आपापल्या मापाने आक्रसतात. ओढाताण होते ती मधल्या थेंबांची. वर्षानुवर्षं हेच चाललं की एखादा थेंब तडकतो. जुलै २००८मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने जाहीर केलं, की पॅकेजिंगच्या कमकुवत साहित्यामुळे लॅपटॉपमधल्या तिच्या काही चिप्स अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होत आहेत. त्यासाठी कंपनीने १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. तेव्हा चिप गेली म्हणजे वापरणाऱ्याचंच चुकलं, असं धरून चालू नका.

श्वास सावकाश सोडा. पंखा ऐका. यंत्रमागांच्या भिवंडीत तो एकटा ऐकू येणं अवघड. भिंतीपलीकडे मागांची खडखड चालूच असते. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले कितीतरी माग या गावात आले आणि पुन्हा चालू झाले. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला आणि कापडाचं बरंच काम इथल्या यंत्रमागांकडे वळलं. दुसऱ्यांनी मोडीत काढलेल्या लोखंडावर इथे घरं चालली. ती चालली जॉबरच्या, म्हणजे माग सांभाळणाऱ्या कारागिराच्या, कानामुळे. खडखडीत जरा फरक पडला की तो मागाजवळ जातो, धोट्याची वाट बघतो, एखादा नट आवळतो. जुन्या मागाला तो नव्याच्या वेगाने पळवत नाही, आणि वेग कमी म्हणून त्याला भंगारातही काढत नाही.

लॅपटॉपकडे तसंच पाहा. याला काय झेपत नाही? आणि काय अजून छान जमतं?

लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर आणि बॅटरी काढून, मागचं झाकण उघडा. मागांच्या गावात रुई हवेतच असते. ती पंख्यातून आत ओढली जाते आणि तांब्याच्या बारीक पात्यांपुढे साचते. चिमटीत धरून हळूच ओढा. राखाडी पापुद्रा अख्खा सोलून येतो. हवा एवढ्याशा पापुद्र्याने अडवलेली असते. पंख्याचं पातं बोटाने धरून ब्रशने साफ करा. चिपवरची थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल तर पुसून नवी लावा.

पुढे काम वाटून द्या. दोन ग्राफिक्स असलेल्या काही लॅपटॉपमध्ये बायोसमधून वेगळी चिप बंद करता येते. मग चित्राचं काम प्रोसेसरमधली ग्राफिक्स सांभाळते. ती सोय नसेल तर गेम आणि जड व्हिडिओ सोडा. वारंवार तापणं-निवणं टाळा. हिशेब, पत्रं, मुलांचा अभ्यास एवढं हा लॅपटॉप अजून करू शकतो.

कोणी म्हणेल, चिपला हीट मारून देतो, लगेच चालेल. चालतोही; पण थेंबाचा तडा मिटलेला नसतो, तात्पुरता टेकलेला असतो, आणि बहुतेकदा थोड्याच दिवसांत रेषा परत येतात. इथे जरा थांबा. दुरुस्तीचा आनंद आणि दुरुस्तीचा भास यांतलं अंतर ओळखता येणं, हाही सांभाळण्याचाच भाग आहे.

भिवंडीजवळच्या माणकोली, काल्हेरच्या गोदामांत नव्या मालाची खोकी रोज उतरतात. नवं घेण्यात गैर काही नाही. पण हातातल्या वस्तूचं उरलेलं बळ न जोखताच ती टाकली, तर तिच्यात गेलेलं तांबं, सोनं, वीज आणि माणसांची मेहनत अर्ध्यातच वाया जाते.

हा लॅपटॉप एक दिवस उजळणार नाही. हे स्वच्छ मनाने मान्य करा. त्याने आजचं काम कमी होत नाही, उलट त्याचा क्रम ठरतो. आधी सगळ्या फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवा, त्या उघडतात का ते तपासा. मग त्याला झेपणारं काम समोर घ्या आणि निवांत करा.