शपथ कुणाशी असते?

मागच्या वर्षी कळंबला आमच्या शेजारच्या काकांचा मुलगा सैन्यात लागला. चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून पाया पडला, आणि गेला. काही महिन्यांनी बेळगावहून त्याच्या कसम परेडचा व्हिडिओ आला. राज्यघटनेशी एकनिष्ठ राहीन, जिवाला धोका असला तरी वरिष्ठांची आज्ञा पाळीन, अशी ती शपथ. काकांनी तो व्हिडिओ दहा वेळा पाहिला. मग मोबाइल खाली ठेवून मला म्हणाले, "आन् आर्डरच चुकीची असन, तं पोरानं काय करावं?"

मी म्हटलं, "काका, एवढा विचार नका करू." पण मग विचार मीच करत बसलो. पाच वर्षांत मी तीन कंपन्या बदलल्या. प्रत्येक ठिकाणी करारावर सही केली, नोटीस पिरियड भरला, निघालो. शपथेला नोटीस पिरियड नसतो.

ज्या रेजिमेंटमध्ये हा मुलगा गेला, त्याच मराठा लाइट इन्फन्ट्रीत जगन्नाथराव भोसले नावाचे एक अधिकारी होते. जन्म 1906 चा, सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचा. सँडहर्स्टला शिकले, ब्रिटिश राजाचं कमिशन घेतलं. तेव्हाच्या हिंदी तरुणासाठी ही फार मोठी मजल होती. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडलं आणि हजारो हिंदी सैनिक जपान्यांचे कैदी झाले. त्यांच्यापुढे प्रश्न आला: राजाची शपथ पाळून छावणीत राहायचं, की आझाद हिंद फौजेत जायचं? भोसले फौजेत गेले. नेताजींच्या काळात ते तिथल्या सर्वात वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी एक होते, आणि ऑक्टोबर 1943 च्या आझाद हिंद सरकारातही होते.

आज आपण त्यांना देशभक्त म्हणतो आणि पुढे जातो. पण ज्यांनी शपथ मोडली नाही, त्यांचं काय? फौजेत न गेलेल्या अनेक हिंदी सैनिकांना जपान्यांनी न्यू गिनीसारख्या बेटांवर मजुरीला नेलं आणि त्यातले पुष्कळ तिथेच मेले. ते देशद्रोही होते का? मला तसं म्हणवत नाही. दिलेला शब्द पाळायची किंमत त्यांनी जिवानं मोजली.

लाल किल्ल्यातल्या खटल्यात शाहनवाज खान, सहगल आणि ढिल्लन यांची बाजू मांडताना भुलाभाई देसाईंनी नेमका हाच पेच सोडवायचा प्रयत्न केला. राजा आणि देश जिथे एक असतात, तिथे निष्ठेचा प्रश्न सरळ असतो. गुलाम देशात मात्र ते दोन वेगळे असतात, मग शिपायानं कुणाचं ऐकायचं? मला हा युक्तिवाद पटतो. शपथ शिपायाला बांधते, तशी ती घेणाऱ्यालाही बांधली पाहिजे. लंडनचा राजा तिरोड्याच्या माणसाला कशाचंच उत्तर देणं लागत नव्हता.

पण इथे एक धोका आहे आणि तो बँकॉकमध्ये स्पष्ट दिसतो. जून 1942 मध्ये रासबिहारी बोस आणि इतरांनी पूर्व आशियातल्या हिंदी लोकांची परिषद भरवली, ती बँकॉकलाच. तेव्हा थायलंडचा पंतप्रधान होता फिबुन, म्हणजे दहा वर्षांपूर्वी राजाची निरंकुश सत्ता उलथवणाऱ्या गटातला एक लष्करी अधिकारी. 24 जून 1932 च्या पहाटे त्या गटानं कवायतीच्या नावाखाली बँकॉकमधल्या पलटणी चौकात जमवल्या आणि लगोलग क्रांती झाल्याचं जाहीर केलं. बहुतेक शिपायांना आपण कशासाठी आलोय हेच माहीत नव्हतं. हेतू चांगला होता, देशाला राज्यघटना मिळाली. पण राजाची शपथ मोडणाऱ्या अधिकाऱ्यांना पुढे घटनाही आपलीच वाटू लागली. बेत आखणारा फ्राया सोंग स्वतःच्याच साथीदारांमुळे हद्दपार झाला आणि 1944 मध्ये कंबोडियात वारला. त्या देशात अगदी 2014 पर्यंत लष्करी उठाव होत राहिले. 2017 ची राज्यघटना तिथली विसावी.

म्हणून शपथ का मोडली एवढंच विचारून भागत नाही. मोडल्यावर काय केलं, हेही विचारावं लागतं.

नेहरू लाल किल्ल्यात बचावासाठी वकिलाचा गाऊन घालून उभे राहिले होते. त्याच नेहरूंच्या सरकारनं आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांना पुन्हा सैन्यात घेतलं नाही. आधी मला हा कृतघ्नपणा वाटायचा, आणि माणसांच्या बाबतीत तो होताही. त्यातल्या अनेकांना पेन्शनसाठी 1972 पर्यंत थांबावं लागलं. पण शपथ कधी मोडायची हे वर्दीतल्या माणसानं ठरवावं, असा पायंडा नव्या सैन्यात पडला नाही, हेही खरं.

आणि भोसले? ते 1952 ला रत्नागिरी जिल्ह्यातून मतं मागून लोकसभेत गेले. पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. 1954 मध्ये दिल्लीतल्या निर्वासितांच्या मुलांना कवायत आणि शिस्त शिकवणारी योजना त्यांनी सुरू केली. बंदुकीच्या जोरावर मिळालेला अधिकार त्यांनी पुढे वापरला नाही. 1942 चा त्यांचा निर्णय मला योग्य वाटतो, तो या पुढच्या आयुष्यामुळे.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा काकांना उत्तर द्यायला गेलो. म्हटलं, आपल्या कायद्यात कायदेशीर आज्ञा मोडणं हा गुन्हा आहे. ‘कायदेशीर’ हा शब्द तिथे मुद्दाम आहे. आणि ही शपथ राजाशी नाही, घटनेशी आहे. तिला आपण प्रश्न विचारू शकतो, मतानं बदलू शकतो. त्यासाठी बंदूक लागत नाही.

काकांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पन थे कायदेशीर हाय का नाई, हे त्या पोराले तवा एका मिनटात कसं समजन?"

भोसल्यांकडे निदान विचार करायला कैदेतले दिवस होते. या मुलाकडे ते नसतील. म्हणून चुकीची आज्ञा त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच अडवायची जबाबदारी मत देणाऱ्या आपली आहे. काकांना मी एवढंच सांगू शकलो. त्यांचं समाधान झालं नाही, आणि ते बरोबर होतं.