बॉनेटवरचं जहाज

बसा. खुर्चीवर, ओट्यावर, पायरीवर, जिथे असाल तिथे.

खांदे सैल सोडा. एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

मुलुंड पश्चिमेतली एक जुनी दोन मजली इमारत डोळ्यांसमोर आणा. जानेवारीची पहाट. आवारात आंबा आहे, मोहर धरू लागला आहे. आंब्याखाली ताडपत्री घातलेली एक गाडी उभी आहे. ताडपत्रीवर पाचोळा आहे. त्यातून मांजराच्या पावलांची एक ओळ टपाकडे गेली आहे.

लांब स्टेशनात लोकल थांबते. निघते.

तो आवाज पुरता विरू द्या.

आता पुढची दोरी सोडा. ताडपत्रीचं टोक मागे सारा. बॉनेट उघडं पडेल एवढंच. बाकीची गाडी झाकलेलीच राहू दे.

बॉनेटच्या टोकाला एक छोटं जहाज आहे.

बघा.

शिडं फुगलेली. नाळ पुढे. क्रोमवर दमट हवेनं बारीक टिपके पाडले आहेत. शिडाच्या मागच्या खोबणीत जुन्या पॉलिशचा पांढरा थर अडकून राहिला आहे. हात फिरवणाऱ्याचं बोट तिथे पोचत नाही.

तुमचं बोट त्याच्या पाठीवर ठेवा. धातू गार आहे, थोडा ओलसर. काही वेळानं तो तेवढा गार राहत नाही.

तिथेच थांबा.

ही प्लिमथ आहे. १९४८चं मॉडेल. वॉल्टर क्रायस्लर यांनी १९२८ साली हे नाव बाजारात आणलं. बेताच्या मिळकतीच्या माणसाला परवडावी, अशी गाडी. पहिल्याच मॉडेलला चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते. त्या किमतीत तेव्हा ते कोणी देत नव्हतं. पुढे बरीच वर्षं अमेरिकेत फोर्ड आणि शेव्हरोलेच्या खालोखाल तिचा खप होता.

बोटाखालचं जहाज मेफ्लॉवर आहे. १६२० साली ते इंग्लंडातल्या प्लिमथ बंदरातून निघालं, १०२ प्रवासी घेऊन, अटलांटिक ओलांडून गेलं. प्रवासी उतरले, त्या किनाऱ्यावरच्या वस्तीचं नावही प्लिमथ.

एवढं कळलं की पुरे. पुन्हा जहाजाकडे या.

श्वास आत. श्वास बाहेर.

अमेरिकेच्या किनाऱ्याचं हे जहाज मुलुंडला कसं आलं?

उत्तर फार लांब नाही. डोळे मिटा आणि रुळांवरून मुंबईच्या दिशेला चला. एका श्वासाला एक स्टेशन. घाई करू नका.

नाहूर.

भांडुप.

कांजूरमार्ग.

विक्रोळी.

घाटकोपर.

विद्याविहार.

कुर्ला.

उतरा. पश्चिमेला या. एल.बी.एस. मार्गाला तेव्हा आग्रा रोड म्हणतात. वर्ष १९४८. प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात लाकडी पेट्या उघडल्या जात आहेत. ऐका. खिळे उपसल्याचा करकर आवाज. फळी खाली पडते. आत वंगण लावलेले, कागदात गुंडाळलेले सुटे भाग. त्या वंगणाचा वास घ्या. चॅसिस, इंजिन, दारं, काचा. सारं समुद्रावरून आलं आहे.

एका पेटीत, कागदाच्या पुडक्यात, हे जहाजही असणार.

ते कोणाच्या तरी हाती येतं. कुर्ल्यातला एखादा कामगार ते बॉनेटला लावतो, आतून नट आवळतो. त्याच्या हातांकडे क्षणभर बघा. नाव कुठे नोंदलेलं नाही. आवळलेला नट अजून ढिला झालेला नाही.

या कारखान्यामागचा माणूस वालचंद हिराचंद. सोलापूरचे, जन्म १८८२. मोटार कंपनी त्यांनी १९४४ साली काढली. पण तिच्या कितीतरी आधी त्यांनी जहाज घेतलं होतं. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांच्या सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघालं. परक्या कंपन्यांनी धरून ठेवलेल्या समुद्रावर ती देशी जहाजाची वाट होती. म्हणून ५ एप्रिल हा आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन आहे.

आयुष्यभर जहाजांचा ध्यास घेतलेल्या माणसाच्या कारखान्यातून प्लिमथ बाहेर पडते, आणि तिच्या नाकावर जहाज असतं. हा नुसता योगायोग आहे, मला ठाऊक आहे. तरी तो मला सोडवत नाही.

तुम्हीही लगेच सोडू नका. दोन्ही जहाजं एकदम बघा. एक मुंबई बंदरातून निघणारं, धुराचं. एक बोटाखालचं, शिडांचं.

श्वास घ्या.

याच आवारात डॉज बनते, डी सोटोही. पत्रा बराचसा एक, नावं निराळी. १९५१ साली फियाटशी करार होतो, छोटी गाडी येते, आणि पुढे कुर्ल्याचं नाव तिच्याशीच जोडलं जातं. १९५३ साली वालचंद जातात. डी सोटो १९६० साली अमेरिकेतच बंद होते. मोठ्या अमेरिकन गाड्या कुर्ल्यातून हळूहळू दिसेनाशा होतात.

मुलुंडला परत या.

दार उघडा. हँडल जड आहे, खाली दाबावं लागतं. आत बसा. पुढची सीट एकसलग, बाकासारखी. तिघं आरामात बसतात. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच आहे. कापडाचा, जुन्या रबराचा आणि किंचित पेट्रोलचा मिळून एक वास आहे.

तो वास येऊ द्या. त्याला काही नाव देऊ नका.

समोर स्पीडोमीटर. रात्री त्यातला दिवा वेगाबरोबर रंग बदलतो. ताशी तीस मैलांपर्यंत हिरवा, पन्नासपर्यंत पिवळा, त्यापुढे लाल. आपल्या एल.बी.एस. रोडवर तो हिरवाच राहतो. मालक लोक हे कौतुकानं सांगतात. लाल दिवा पाहायला माणूस पहाटे उठून नाशिकच्या वाटेला लागतो.

आता उतरा, आणि डाव्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसा.

हे जरा निरखून बघू या. चाक पाच बोल्टांनी बसवलं आहे. एका बोल्टावर बोट फिरवा. डोक्यावर इंग्रजी एल कोरलेला लागतो. डाव्या चाकांचे आटे उलटे आहेत. चाक पुढे फिरताना बोल्ट ढिला होऊ नये, म्हणून क्रायस्लरनं असं केलं. उजवीकडची चाकं नेहमीसारखी उघडतात. डावीकडची उघडायची तर पाना उलटा फिरवावा लागतो.

नवा मिस्त्री हे जाणत नाही. तो सवयीच्या दिशेनं जोर लावतो. बोल्ट हलत नाही. तो पान्याला पाइप लावतो, त्यावर उभा राहतो. बोल्ट आणखी आवळला जातो, आणि कधी तुटतो. म्हणून या गाडीचा मालक चाकाशेजारी बसतो आणि पान्यावर स्वतःचा हात ठेवतो.

“उलटा, भाऊ. इकडची उलटी.”

पाना हातात घ्या. दिशा मनाशी ठरवा. हळूच जोर द्या.

बोल्ट सुटतो. तो सुटताना मनगटाला जे कळतं, तिथे लक्ष ठेवा. फक्त तिथे.

मालकाकडे शब्दांत सांगण्यासारखं फारसं नसतं. त्याच्या हातांना मात्र बरंच माहीत असतं. मे महिन्यात चढावर गाडी बंद पडते, कारण तापलेल्या मॅनिफोल्डजवळ पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि पुढे पेट्रोल चढत नाही. तो घाबरत नाही. बॉनेट उघडतो, बाटलीतल्या पाण्यानं फडकं भिजवतो, पंपावर ठेवतो. मग रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहतो. मागून हॉर्न वाजत असतात. फडक्यातून वाफ निघते.

त्याच्याबरोबर तिथे उभे राहा.

पंप गार व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा लागू द्या.

सुटा भाग हवा असेल तर तो जुना भाग कापडात बांधून कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडला जातो. दुकानामागून दुकान. कुणी तो हातात घेऊन वजन बघतो, मान हलवतो. कुणी पोटमाळ्यावर चढतो. मिळाला नाही, तर लेथवाला तसाच एक उतरवून देतो. कंपनीकडे काही मागायची सोयच नाही. २८ जून २००१ रोजी अमेरिकेत इलिनॉयमधल्या बेल्व्हिडिअरच्या कारखान्यातून शेवटची प्लिमथ बाहेर पडली, आणि नाव संपलं. त्याच सुमारास कुर्ल्यात फियाटच्या वंशातली प्रीमिअर पद्मिनीही थांबली. त्या कारखान्याच्या जमिनीवर आता उंच इमारती आहेत.

हे सारं ऐकून मनात काही हललं असेल. हलू द्या. त्याला समजूत घालू नका.

पुन्हा जहाजाकडे बघा. नाव संपल्याचं त्याच्या शिडांवर काही उमटलेलं नाही.

प्रदर्शनात दोरीपलीकडे उभ्या केलेल्या, नव्यानं रंगवलेल्या गाड्या सुंदर असतात. मला तरी ही जवळची वाटते. दाराच्या कडेला हिचा रंग उडाला आहे, तिथे तीन पिढ्यांचे कोपर टेकले आहेत. हिला हात लावता येतो.

आता ऐकू या.

किल्ली फिरवा. चोक अर्धा ओढा. डॅशबोर्डवरचं बटण दाबा. बॅटरी सहा व्होल्टची आहे, इंजिन जडपणे फिरतं. एकदा. दुसऱ्यांदा. बटण सोडू नका. तिसऱ्यांदा.

धरतं.

सहा सिलिंडर एका रांगेत चालू लागतात. चोक हळूहळू आत सरकवा. आवाज खाली येतो, आणखी खाली येतो, आणि एका जागी स्थिरावतो.

डोळे मिटा. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, न धरता.

हादरा शोधा.

तो जवळजवळ सापडत नाही. १९३१ साली क्रायस्लरच्या इंजिनीअरांनी इंजिन चॅसिसला घट्ट आवळणं सोडलं. पुढे वर आणि मागे खाली, अशा दोन ठिकाणी त्यांनी ते रबरावर तोललं. इंजिन आता आपल्याच वजनाच्या आसाभोवती हलतं. हलायला मोकळीक मिळाल्यानं ते गाडीला हलवत नाही.

हे मनात घोळवा. इंजिन हलतं आहे. तुम्ही ज्यावर बसला आहात ते हलत नाही.

श्वास आत.

श्वास बाहेर.

आवाजाच्या आत शिरा. व्हॉल्व्हची टिकटिक वेगळी काढा. पंख्याची हवा वेगळी. त्यांच्याखाली एक खोल, सपाट गुणगुण आहे. तिच्याबरोबर राहा. मन भरकटलं की परत या. पुन्हा भरकटलं, पुन्हा या.

फार लक्ष दिलं तर पायाखाली एक बारीक थरथर लागते. आधी नव्हती. लागली का? ब्रेकच्या पेडलपाशी. ती खरी आहे. मागच्या माउंटिंगचं रबर बसत आलं आहे. आपण गप्प बसलो नसतो तर ते आणखी वर्षभर कळलं नसतं.

डोळे उघडा. ऊन फाटकापर्यंत आलं आहे.

आज तिला कुर्ल्याला नेऊ या. सी.एस.टी. रोडची दुकानं दहाच्या सुमारास उघडतात. रबराचं माप वहीत लिहून घ्या, जाडी आणि भोक दोन्ही. डिकीत पाण्याची बाटली आणि फडकं आहे ना, ते बघा. घाटकोपरला सिग्नल लागेल, तिथे क्लच दाबून बसू नका, न्यूट्रलला टाका.