पदक, वीरगळ आणि देवाचा पक्ष

1571 साली लेपांतोच्या आरमारी लढाईत ऑटोमन तुर्कांचा पराभव झाल्यावर पोप पाचवे पायस यांनी पाडविलेल्या स्मृतिपदकावर शत्रूवरील प्रहाराचे श्रेय ईश्वराच्या उजव्या हाताला दिलेले आहे; परंतु ईश्वर एका आरमाराचा कैवारी ठरला, तर बुडालेल्यांचा वाली कोण, हा प्रश्न उरतोच. कोल्हापूर परिसरात आढळणारे वीरगळ, म्हणजे रणात पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, याचे अधिक उदार उत्तर देतात: तळच्या चौकटीत युद्ध, मध्ये अप्सरांसह स्वर्गारोहण आणि माथ्यावर शिवलिंगाची पूजा करणारा वीर. बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर तर वल्ह्यांच्या रांगांसह लढाऊ गलबते कोरलेली आहेत. येथे शिवलोक जयाने नव्हे, धारातीर्थी पडल्याने लाभतो. म्हणूनच धर्मविचार म्हणून हा दगड त्या पदकाहून श्रेष्ठ ठरतो.